किरकोळ बिघाड

३ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा बंद पडली! तिसऱ्यांदा. जूनमध्ये घेतलेली नवी कोरी गाडी. ऑर्विलला डायलिसिसहून घरी आणत होते. लिंडग्रेनच्या मक्याच्या शेतापाशी एकदम सगळं गप्प. इंजिन नाही, स्टिअरिंग दगडासारखं जड, मागे ट्रक. त्या ट्रकवाल्याने हॉर्न दाबला तो दाबलाच. कशीबशी कडेला घेतली. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर सुरू! जणू काही झालंच नव्हतं.

नवरा शेजारी तोंड उघडं टाकून झोपला होता. डायलिसिसनंतर तो असाच असतो. उठून म्हणाला, “पोचलो का?”

४ ऑक्टोबर

शोरूममध्ये गेले. सर्व्हिस काउंटरवर ट्रॉय. सातवीत माझ्या विज्ञानाच्या वर्गात होता, अजूनही बाई म्हणतो. दोन तासांनी बाहेर आला. “बाई, आम्हाला काही सापडलं नाही. वीस मैल चालवून आणली. लोण्यासारखी पळते.” मग जरा हळू आवाजात, “चावीला गुडघा वगैरे लागतो का तुमचा?”

मी म्हटलं, असू दे रे, किरकोळ आहे. रुबार्बच्या आंबटगोड वड्या नेल्या होत्या, त्या दिल्या आणि आले.

गुडघा कसा लागेल? घरी येऊन मोजून पाहिलं. गुडघा आणि चावी यांत चांगलं वीतभर अंतर आहे.

७ ऑक्टोबर, रविवार

आमची लेक गेल जेवायला आली होती. तीन तास गाडी चालवून येते बिचारी, पण येताना तोंडावर काळजी घेऊनच येते. भांडी विसळताना म्हणाली, “आई, गाडी बंद पडते, की तू पाडतेस?”

“म्हणजे?”

“म्हणजे तू चौऱ्याहत्तरची आहेस. शोरूमवाले म्हणतात गाडी ठणठणीत आहे. तीनदा बघितली त्यांनी.”

नाताळपर्यंत बघू म्हणाली. तोवर हे थांबलं नाही तर चाव्या तिच्याकडे. आणि चाव्या गेल्या तर आठवड्यातून तीनदा चाळीस मैल ऑर्विलला नेणार कोण? बसथांबा नावाला नाही या गावात. तिने त्याचंही उत्तर आणलं होतं. तिच्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे, डायलिसिस तिथेच होतं. ऑर्विल एका खोलीत, मी दुसऱ्या मजल्यावर. जोडप्यांची खोली मिळायला दोन वर्षं लागतात!

मी रागावले नाही. रागावायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर प्रश्न मलाही पडलाय — खोट गाडीत आहे की माझ्यात?

१५ ऑक्टोबर

मुलांना मी एकतीस वर्षं हेच शिकवलं: आधी नोंद, मग कारण. तेव्हा नोंदी. तारीख, हवा, किती मैल, पेट्रोल किती, हीटर चालू की बंद, मी काय खाल्लं, किती झोपले. गोळ्या घेतल्या का. स्वतःलाही रकान्यात घातलं, उगाच पक्षपात नको.

ऑर्विल म्हणतो, “नवऱ्याची इतकी चौकशी कधी केली नाहीस.”

२६ ऑक्टोबर

पुन्हा. परतीच्या वाटेवर. थंड हवा, अर्धी टाकी, रात्री साडेसात तास झोप, गोळ्या घेतलेल्या.

३० ऑक्टोबर, मंगळवार

वाचनालयात बसून होते, चारपर्यंत. नव्या गाडीत खोट निघाली की तिला सगळे लिंबू म्हणतात, एवढं ठाऊक होतं. त्यावर कायदा आहे हे नव्हतं! तीच तक्रार घेऊन चार वेळा गेलात, तरी दुरुस्त झाली नाही, की कंपनीला पत्र लिहायचं. कंपनीला एक शेवटची संधी. मग गाडी बदलून द्या नाहीतर पैसे परत. मोठं छान वाटलं. तीनदा तर आपण गेलोच आहोत!

घरी येऊन ट्रॉयने दिलेली जॉबकार्डं काढली.

पहिलं: “तेल बदललं.”

दुसरं: “नेहमीची तपासणी. बाईंच्या मते बाकी सर्व ठीक.”

तिसरं: “बाईंना शंका. दोष आढळला नाही.”

बंद पडली हा शब्द कुठेच नाही! ट्रॉयची चूक नाही. पहिल्यांदा मीच म्हटलं होतं, तेल बदलतोच आहेस तर जमलं तर बघ हं, घाई नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, तसं काही फार नाही. तो मी बोलले तेच लिहीत गेला.

आमच्याकडे हे असंच. माझ्या वडिलांची दोन बोटं कणसं काढायच्या यंत्रात गेली, तेव्हा आईला म्हणाले, “जरा लागलंय, एखादी चिंधी आहे का?” मला हे सांगताना हसू यायचं. आज नाही आलं. ऑर्विल वर्षभर डॉक्टरांना “थोडं थकायला होतं” म्हणत राहिला. ते थोडं म्हणजे दोन्ही मूत्रपिंडं होती.

१४ नोव्हेंबर

सकाळी आरशासमोर तालीम. “गाडी चालता चालता बंद पडते. यात जीव जाऊ शकतो.” पहिल्या वेळी शेवटी आपोआप “असं मला वाटतं” लागलं. दुसऱ्या वेळी “सॉरी”.

ऑर्विलला दवाखान्यात सोडलं आणि शोरूम गाठली. वड्या नेल्या नाहीत. फार जड गेलं ते.

“ट्रॉय, मी सांगते ते शब्द लिही. माझे. जसेच्या तसे.”

त्याने लिहिलं. पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. “बाई, हे इतकं आहे? मग तुम्ही आधी बोलला का नाहीत?”

दोष आढळला नाही. पण यावेळी तक्रार कागदावर आहे.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

रकाने जमिनीवर पसरून बसले होते. एकदम दिसलं. अंगावर काटा आला!

मी एकटी असताना गाडी एकदाही बंद पडलेली नाही. बाजार, चर्च, वाचनालय — शून्य. ट्रॉय एकटा चालवतो — शून्य. जेव्हा बंद पडली तेव्हा शेजारी ऑर्विल होता. आणि जाताना नाही, परत येताना.

त्याला सांगितलं. “म्हणजे लिंबू मी आहे तर!” म्हणाला, आणि खोकला येईपर्यंत हसला.

२४ नोव्हेंबर, शनिवार

ऑर्विलचं वजन १९० पौंड. अंगणातल्या बर्फावर टाकायच्या मिठाच्या पाच गोण्या शेजारच्या सीटवर ठेवल्या, पट्टा लावला. चर्चच्या रिकाम्या आवारात गोल गोल फिरले. एक तास. काही नाही. पाद्रीबाई खिडकीतून बघत होत्या. त्यांनी हात केला, मीही केला.

म्हणजे वजन नाही. मग काय? जाताना आणि येताना ऑर्विलमध्ये फरक काय?

२७ नोव्हेंबर

सापडलं!!

परत येताना तो दमलेला असतो. सीट पार मागे सरकवतो आणि आडवा होतो. जाताना ताठ बसतो, कारण मी कशी चालवते यावर लक्ष ठेवायचं असतं. आज गोण्या ठेवून सीट मागे ढकलली. आवाराच्या दुसऱ्या फेरीत खड्ड्यावरून गेले — गप्प. मेली. मी आत बसून टाळ्या वाजवल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, बंद गाडीत, मिठाच्या गोण्यांशेजारी! पाद्रीबाईंनी आज हात केला नाही.

खोट माझ्यात नाही. माझ्यात नाही. दोनदा लिहिते.

३ डिसेंबर

ट्रॉयला म्हटलं, तू चालव. शेजारी ऑर्विल, सीट मागे. मी मागच्या सीटवर. गेल मुद्दाम रजा काढून आली होती, तीही माझ्याजवळ. रेल्वेच्या रुळांवरून गेलो आणि ट्रॉयच्या हातात स्टिअरिंग अडकलं. रूळ ओलांडले होते, देवाची कृपा. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा.

“बाई, तुम्ही हे सहा महिने चालवत होतात?”

गेलने माझा हात धरला. तो शोरूमपर्यंत सोडला नाही. उतरताना म्हणाली, “आई, मी आधी गाडीवर संशय घ्यायला हवा होता.” मी जवळजवळ “किरकोळ आहे” म्हणणार होते. म्हटलं, “हो, घ्यायला हवा होतास.” दोघी रडलो.

सीटखालून तारांची जुडी जाते, ती सीट मागे गेली की चेपते. त्यांनी तिला टेप गुंडाळली. वृद्धाश्रमाचा विषय बंद.

१८ जानेवारी

टेपने काही झालं नाही. दोनदा पुन्हा नेली, दुसऱ्यांदा जुडीच बदलली. ‘बंद पडते’ असं लिहिलेलं चौथं जॉबकार्ड.

६ फेब्रुवारी

थंडी, उणे बावीस अंश. नव्या जुडीसकट बंद पडली. आता सीट मागे नसतानाही! कंपनीला पत्र धाडलं. एकही “कृपया जमल्यास” नाही. ऑर्विलने वाचलं आणि म्हणाला, “तू मला असं पत्र लिहू नकोस म्हणजे झालं.”

२ एप्रिल

कंपनीचा माणूस येऊन गेला. शेवटची संधी त्याने घेतली, गाडी चार दिवस ठेवली. परत देताना तोच दारातून बाहेर काढत होता, तेव्हा बंद पडली. मला हसू आवरेना. त्याने माझे रकाने मागितले, प्रत काढून घेतली. “हे कुणी केलं?”

९ मे

नवी गाडी! निळी. ट्रॉयने स्वतः आणून दिली. त्याच्यासाठी दोन ताटं वड्या केल्या. ऑर्विलने आधी सीट मागे सरकवून पाहिली.

१२ जून, बुधवार

डायलिसिसहून परत येत होतो. लख्ख ऊन, पाऊण टाकी, आठ तास झोप, गोळ्या घेतलेल्या. गाडीने कुरकूर केली नाही. ऑर्विल उठला आणि म्हणाला, “अगं, कुठे चाललीस?” मला सांगता येईना. धान्याच्या कोठारापाशी उजवीकडे वळायचं, ते मी अकरा मैल मागे सोडलं होतं. आठवड्यातून तीनदा जाते तो रस्ता. आजूबाजूची शेतं कुणाची ते ओळखू येत नव्हतं.

नवा रकाना आखला. नोंद पहिली.

गेलला फोन केला. किरकोळ आहे असं म्हटलं नाही. म्हटलं, मी सांगते ते शब्द लिहून घे, जसेच्या तसे.