बाहेरची कड

४ जून
काल सकाळी नेहमीसारखे देवाला हात जोडून शिंपीणबाईंच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली. भोवतीची कड बोटांनी चाचपली. निरोगी. वीस वर्षांत या बोटांनी दगा दिलेला नाही.
नियमाप्रमाणे तुकडा सोडवण्याआधीच त्याला दोरे बांधायचे, तपासणाऱ्याला बाजू कळाव्यात म्हणून: आखूड वरच्या बाजूला, लांब बाहेरच्या, म्हणजे काखेकडच्या. विसरलो. तुकडा ट्रेमध्ये घरंगळला, मग बांधले. सिस्टर म्हणाली, सर, नक्की हीच बाजू ना? म्हटलं, आम्हाला गावच्या शाळेत गुरुजींनी सूर्याकडे तोंड करून दिशा शिकवल्यात.

१२ जून
पॅथॉलॉजिस्टचा रिपोर्ट: बाहेरच्या कडेपर्यंत कॅन्सर. त्याच्याकडे मायक्रोस्कोप, माझ्याकडे अनुभव. तरी मोठ्या मनाने पुन्हा ऑपरेशन करायचं ठरवलं. बाईंना सांगितलं, थोडी कड राहिली. त्या म्हणाल्या, आमच्याकडून कड चुकली तर आम्ही कापड भरून देतो, डॉक्टर. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. स्वतःच विनोद करायचा आणि हसायचं नाही, हे अजबच.

१९ जून
काखेकडून ऐसपैस कड काढली. संकल्प: यापुढे दोरे आधी. आज पाळला. समाधान.

२७ जून
नव्या तुकड्यात कॅन्सरचा मागमूस नाही! देवाची कृपा. सिस्टर म्हणते, मग त्या कडेचा कॅन्सर गेला कुठे? आगाऊ आहे. दुपारी पॅथॉलॉजिस्टचा फोन: पहिला तुकडा दोऱ्यांआधी फिरला होता का? म्हटलं, आठवत नाही. ४ तारखेचं पान फाडणार होतो. पाठीमागे स्तोत्र उतरवलंय, म्हणून ठेवलं.

४ जुलै
तपासणीत कॅन्सर आतल्या, म्हणजे छातीच्या मध्याकडच्या बाजूला दिसला. म्हणजे चांगली कड कापली, रोगट ठेवली. आता पूर्ण स्तनच काढावा लागेल. बायको म्हणाली, आधी तिला खरं सांगा. ठरलं. उद्या सकाळी.

५ जुलै
वॉर्डात नातेवाईक होते. उद्या नक्की.

६ जुलै
बाईंनीच विचारलं, माझं शरीरच वाईट का हो, डॉक्टर? सांगणारच होतो. म्हटलं, असतं एकेकाचं.

८ जुलै, दुपार
ऑपरेशनआधी सांगितलं. दोरे, ट्रे, बाजू, सगळं. मध्ये कुठेही थांबलो नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, एका शब्दानेही दोष दिला नाही. इतकी समजूतदार माणसं विरळाच. मान वर केली, तर भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, सर, त्यांना झोपवून दहा मिनिटं झाली. सुरू करा.