निवडणुकीआधीचं वकीलपत्र

प्रिय आई,

लिंकनहून तुमच्या सुनेचा, हॅरिएटचा नमस्कार. तुमच्या गुडघ्याला आता उतार आहे ना?

हे बरे आहेत. खोकला किरकोळ आहे. प्रचारसभेत दगड आला, पण नुसती टोपी फाटली. पेपरात वाचलंत तर घाबरू नका.

मजुरी वाढवा म्हणून काम थांबवणाऱ्या शेतमजूर बायकांना जमीनदार सर रोलंडनी कोर्टात खेचलं. हे ज्या लिबरल पक्षाचे उमेदवार, त्याला इथे त्यांचाच आधार. ते घरी येऊन म्हणाले, "त्या बायकांचं वकीलपत्र घेतलंत, तर खासदारकी विसरा."

"चहा घ्या, सर रोलंड," हे म्हणाले. "वकीलपत्र कालच घेतलंय."

बायका निर्दोष सुटल्या. निवडणूक मात्र आम्ही हरलो.

मतमोजणीचा निकाल ऐकून बाहेर आलो, तर त्या मजूर बायकांतली टॅबिथा गॉर्स वाट अडवून उभी. "साहेब, आम्हा बायकांना मत नाही. असतं, तर तुम्हाला कोण पाडतंय बघितलं असतं!" मग साऱ्याजणींनी असा जयजयकार केला, की जिंकलेल्यांचा बँडही ऐकू येईना. तुमचा लेक भररस्त्यात रडला, आई. मी त्यांचा हात धरून ताठ मानेनं चालले.

तुमची, आणि आज जरा जास्तच त्यांची,
हॅरिएट