वारा पडल्यावर

८ जुलै

नीरजावन्सं येऊन गेल्या. देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात म्हणे. ‘वहिनी, किती दिवस अडकवून ठेवणार सलिलला?’ मी म्हटलं, माझा मुलगा जिवंत आहे, तुम्ही चहा घ्या. दिगंबर बहिणीला एवढंच म्हणाले, ‘हिला वाटतंय तोवर राहू दे.’ तोवर! बापाला दुसरा शब्द सुचला नाही.

मेमधल्या वादळात सलिल कामाला होता ती बोट बुडाली, शोध थांबवलाय, असं कंपनी म्हणते. थांबवू दे. सलिलचा शेवटचा मेसेज माझ्याकडे आहे – ‘आई, वारा पडला. निळं आकाश दिसतंय. सुटलो.’ वादळ संपल्यावर कोणी बुडतं का? कुठल्या तरी किनाऱ्याला लागला असेल. फोन भिजला असेल.

१० जुलै

आठवीला चक्रीवादळ शिकवायचंय. मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, ‘हा धडा मी घेऊ का?’ नको म्हटलं. वीस वर्षं शिकवतेय, कीव कसली करता?

११ जुलै

खडकवासला धरणातून नदीत पाणी सोडलंय. सगळे पुलावर बघायला. मी तो पूल टाळून लांबच्या रस्त्याने घरी कर्वेनगरला आले.

१२ जुलै

शाळेत घरची परात नेली. पाणी गरगर ढवळलं, वर कागदाचे कपटे टाकले. समुद्र तापतो, वाफ वर जाते, खाली हवेचा दाब कमी होतो. मग चहूकडून वारे धावत येतात आणि पृथ्वी फिरते म्हणून तेही वळत वळत गोल फिरू लागतात. पोरं खूश. मधोमध एक कपटा जागच्या जागी होता. तो वादळाचा डोळा, म्हटलं. तिथे वारा पडतो, निळं आकाश दिसतं.

पहिल्या बाकावरची तनया म्हणाली, ‘म्हणजे वादळ संपलं ना, बाई?’

‘नाही गं. अर्धंच झालं. डोळा पुढे सरकला की उलट्या दिशेने तितकाच जोराचा वारा येतो. लोक तिथेच फसतात. संपलं समजून –’

ह्याच चुकीला मी दरवर्षी मार्क कापते. माझं लेकरू ‘सुटलो’ म्हणालं आणि मी, भूगोलाची बाई, ते उराशी धरून बसले. घंटा होईपर्यंत फळ्याकडे तोंड करून आकृती काढत राहिले. सलिल गेला. माझा सलिल गेला.

१३ जुलै

दिगंबरांना म्हटलं, गुरुजींना बोलवा. त्यांनी कारण विचारलं नाही. मीच डोळ्याचं सांगायला लागले, तर म्हणाले, ‘माहीत आहे मला. मेसेज आला त्याच दिवशी तुझं आठवीचं पुस्तक काढून वाचलं होतं.’