रंगावरचा बोल्ट

गुरुवार, संध्याकाळ. शिवरे

हात दोनदा धुतले, तरी तो काळा रंग नखांतून जात नाही.

वेल्ह्याच्या तात्यांच्या जीपला इंजिनाचा नवा कंप्युटर मीच बसवला. तेव्हापासून गाडी चढाला मधेच बंद पडायची. तीनदा आणली. तिन्ही वेळा मी वरवर बघून म्हणालो, "तात्या, गाडीला काय न्हाई. क्लच तुमीच नीट सोडत न्हाई."

आज तात्यांनी चावी माझ्यापुढं ठेवली. "इकून टाक बाबा. पायात जोर ऱ्हायला न्हाई माझ्या." आणि एसटीनं गेले.

विकण्याआधी तो नवा कंप्युटर काढून घ्यायला वाकलो, तर त्याची अर्थिंगची वायर पत्र्याला जोडणारा बोल्ट काळ्या रंगावरच आवळलेला. पावसानं गंजू नये म्हणून वेल्ह्याकडं सगळेच गाडीला खालून तो रंग मारतात. तो खरवडून चकचकीत पत्रा काढायचा, मगच वायर लावायची, नाहीतर चढाच्या धक्क्यानं कंप्युटर बंद पडतो आणि गाडीही. शंभर जणांना शिकवलं असेल मी हे. मग मी का नाही खरवडला? घाई होती? आठवतही नाही.

रंग खरवडला, बोल्ट आवळला. तासभर चढावर गाडी चालवली. एकदाही बंद पडली नाही.

एकदा तरी पडावी, असं वाटत होतं.