थर्मोस्टॅटखालचा दिवा

ती. ताईस नमस्कार.

मी ठणठणीत आहे आणि दोन्ही वेळा पोटभर जेवतो, हे आईला आधी सांग. मी कॉलेज सोडल्याचा बाबांचा राग थोडा तरी उतरला का?

घरमालकीणबाईंच्या भाचीबद्दल तुला लिहिलंच होतं. मनातलं तिला सांगायची हिंमत काही होत नव्हती. तिला वाचायला उजेड कमी पडतो म्हणून बैठकीच्या फळीवर पिवळ्या बल्बचा जुना दिवा आणून ठेवला. "स्वस्तात मिळाला," एवढंच बोललो.

त्याच दिवसापासून घर गारठलं. त्या फळीच्या वर भिंतीवर असलेला थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीतली ऊब मोजून हीटर चालू-बंद करणारी डबी, हीटर चालूच करेना. मी बाह्या सरसावल्या. सेल बदलले, धूळ झटकली, फ्यूज पाहिला. शेवटी डोकं फिरलं आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन वायरींवर धावून गेलो.

"वायरीला हात लावलास तर माझ्याशी बोलू नकोस. मेकॅनिकला बोलाव," भाची कडाडली.

ताई, मी कधी कुणाचं ऐकलंय? पण मुकाट फोन केला.

मेकॅनिकने थर्मोस्टॅट उघडलासुद्धा नाही. खालच्या दिव्यावर हात धरून तो हसला. "याला दिव्याची ऊब लागते, म्हणून वाटतं सगळं घर तापलंय. कुठल्या शहाण्याने ठेवला हा इथे?"

माझी मान खाली. भाचीने दिवा उचलला.

"माझ्यासाठी ठेवलाय त्याने," ती म्हणाली आणि दिवा आपल्या खोलीत घेऊन गेली.

हीटर लागायच्या आधीच मला घाम फुटला!

बाबांना मात्र भाचीचं गाळून, मेकॅनिकला फोन केला इथपर्यंतच वाचून दाखव.

तुझा आगाऊ धाकटा