बोटीवरून तुम्ही काय बोललात, काका?

काका,

नावाच्या मागे कैलासवासी लावायला हात वळत नाही, म्हणून नुसतं काका.

तुमची शपथ मी मोडली. काल दुपारी मोडली. मागून दुसऱ्या कुणी सांगितलेलं तुम्हाला कधी आवडायचं नाही, म्हणून मीच सांगते. तुमच्या लेकीला, अदितीला बोटीचं सांगून टाकलं. मला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं, आणि ते किती थोडं आहे ते मला कालच कळलं. म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, जोडाक्षरं तपासत बसू नका.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. घराची किल्ली अजून माझ्याकडेच आहे. सवयीने दहाला येते, चप्पल काढते, कुकर ओट्यावर ठेवते, आणि मग उभीच राहते. कुणासाठी लावू? चार वर्षं तुमच्या गोळ्या डबीत भरल्या, तुमच्यासाठी भाकऱ्या थापल्या, अंघोळीवरून तुमच्याशी भांडले. इथे अमेरिकेत, अख्ख्या श्रूजबरी गावात मला 'काकांची सुलभा' म्हणतात. आता काय म्हणतील?

तुम्हाला आठवतं का, बोटीचं पहिल्यांदा कधी सांगितलंत? पहिल्या वर्षीची ती बर्फाची सकाळ. लाइट गेलेले, तुम्ही ब्लँकेट गुंडाळून त्या जुन्या रेडिओचं पोट उघडून बसला होतात. म्हणालात, "सुलभा, चाचे माहीत आहेत का तुला? समुद्रातले लुटारू?"

मी म्हटलं, "सिनेमात बघितलेत. एका डोळ्यावर पट्टी असते."

"तसले नव्हेत. रेडिओचे चाचे."

मग तुम्ही इंग्लंडपासून सुरुवात केलीत. तिकडे म्हणे एके काळी रेडिओ म्हणजे सरकारचाच. पोरांना हवी ती गाणी लागतच नव्हती, लागली तर चिमूटभर. मग काही टाळकी जमली, त्यांनी गंजकी जहाजं घेतली, वर उंच मनोरा ठोकला, आणि सरकारची हद्द संपते तिथे समुद्रात नांगर टाकून बसली. देशाच्या बाहेर बसून देशाला गाणी. तिकडे सरकार चिडलं, इकडे लाखो माणसं उशीखाली रेडिओ ठेवून ऐकायला लागली. मग सरकारने कायदा केला, की त्या जहाजांना पाणी नाही द्यायचं, तेल नाही द्यायचं, जाहिरात नाही द्यायची. तरी काही जणं कितीतरी वर्षं चिकटून राहिली. वादळात नांगर तुटले, जहाजं किनाऱ्याला लागली, पण शेवटपर्यंत गाणं चालू.

"लुटलं कुणाला त्यांनी? सांग," तुम्ही म्हणालात.

"कुणाला नाही, पण फुकटचे उद्योग," मी म्हटलं. "एवढं समुद्रात बसायचं तर मासे तरी धरायचे."

तुम्ही किती हसलात. खोकला येईपर्यंत हसलात. मग हळूच म्हणालात, "मीही बसलो होतो."

मला खरं वाटलं नाही. तुम्ही? रस्त्यावर एक गाडी नसली तरी सिग्नलवर माणसाचं चित्र उजळेपर्यंत फुटपाथवर उभे राहणारे तुम्ही?

तेव्हा तुम्ही या देशात नवे होतात. नोकरी अँटेनाची, आणि ओळख झाली ती चार येड्यांशी. त्यांनी एक म्हातारी मासेमारीची बोट घेतली, वर मनोरा चढवला, आणि लाँग आयलंडच्या समोर, किनाऱ्यापासून चार मैल आत नेऊन उभी केली. त्यांना वाटायचं, तिथे समुद्र कुणाचाच नाही. त्यांना गाणी लावायची होती. तुम्हाला मशीन चालू ठेवायचं होतं, बस. लाट आली की तबकडीवरची सुई उडायची, म्हणून सुईच्या डोक्यावर नाणं चिकटवायचं. जेवायला पाव आणि डब्यातल्या शेंगा. मळमळायला लागलं की तुम्ही काकूंनी दिलेल्या लिंबाच्या लोणच्याची बाटली उघडून नुसता वास घ्यायचात. ती गोरी पोरंही मग रांगेने वास घ्यायला यायची. बघा, हे सगळं मला पाठ आहे.

काकूंचे दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते. त्या म्हणाल्या होत्या, जाऊ नका. तुम्ही म्हणालात, आठ दिवसांत परत येतो. बोटीवरून जमिनीवर बोलायची सोय होती, पण ती सगळ्या जगाला ऐकू जाते, म्हणून घरचं काही बोलायचं नाही असा बोटीचा नियम. तुमच्या एका मित्राशी ठरलं होतं. बाळाचं काही कळलं तर त्याने संध्याकाळी गाडी घेऊन किनाऱ्यावर यायचं आणि बोटीकडे तोंड करून दिवे मारायचे. दोनदा मारले तर मुलगा, तीनदा मारले तर मुलगी.

पाचव्याच दिवशी, सूर्य बुडाला आणि दिवे दिसले. तीनदा.

मग तुम्ही माइक घेतलात. एरवी तुम्ही माइकला हातही लावत नव्हता, पण त्या दिवशी घेतलात, आणि त्या सगळ्या अमेरिकेच्या कानात मराठीतून काहीतरी बोललात. पोरांनी विचारलं, काय बोललास? तुम्ही सांगितलंत, हवामान.

दुसऱ्या दिवशी सामान आणणाऱ्या होडीतून तुम्ही किनाऱ्याला आलात, हॉस्पिटलात गेलात. त्याच्या दुसऱ्या दिवशी सरकारची माणसं बोटीवर चढली, मशीन बंद केलं, त्या चौघांना बेड्या घातल्या. तुमचं नाव कुणी घेतलं नाही. चौघांतल्या एकानेही नाही.

मित्रांना बेड्या पडल्या आणि आपण पाळण्यापाशी बसलो होतो, हे तुम्हाला किती वर्षं टोचत होतं ते मला माहीत आहे. पण अदितीला न सांगण्याचं कारण ते नव्हतं. कारण तो फॉर्म. सिटिझन व्हायच्या वेळी त्यात विचारलं होतं, कधी गुन्हा केलात का, ज्यासाठी पकडले गेला नाहीत असा? तुम्ही 'नाही'च्या चौकटीत खूण केलीत. मग घरी आलात आणि तुम्ही दोघांनी ठरवलं, ही गोष्ट या घरात नाही. लेक शाळेत बोलेल, शाळेतून कुठे जाईल, कागद काढून घेतील, तिघांना विमानात बसवतील. काकूंनी लेकीला सांगितलं, तू झालीस तेव्हा बाबा ओहायोला कामावर होते.

असं आपलीच माणसं करतात, काका. चोर फॉर्म भरून विसरतात. आपण एक खूण केली की जन्मभर तिच्यावर पहारा देत बसतो.

आणि मला काय सांगितलंत? देवघरातल्या गणपतीवर हात ठेवायला लावलात. "अदितीला नाही सांगायचं. मी असेन तोवर नाही, मी नसेन तेव्हाही नाही." मी ठेवला हात. मला काय, मला वाटलं म्हाताऱ्या माणसाचं खूळ.

पण ते ओहायो त्या पोरीच्या पोटात बसलंय हे मी बघत होते. तिच्या प्रत्येक वाढदिवसाला तिचा फोन यायचा आणि ती हसत हसत म्हणायची, "बाबा, यू कॅन स्किप धिस वन टू." तुम्ही पण हसायचात. एकदा इथे ओट्यापाशी उभी राहून मला म्हणाली, "मावशी, तुला माहितीये? ही मिस्ड माय बर्थ. फॉर अ मीटिंग." मी आमटी ढवळत राहिले. तोंडात शब्द आला होता. ढवळत राहिले.

आता त्या रविवारचं लिहायला हवं. टाळत होते.

अदिती तिच्या घरून, अ‍ॅशबर्नहून दोन दिवसांसाठी आली होती, चारचं विमान होतं. तुम्ही सकाळपासून वेगळे होतात. इस्त्रीचा शर्ट घातलात, दाढी स्वतः केलीत. मला कळायला नको होतं का? जेवायला बसलात, आणि चमचा खाली ठेवून इंग्लिशमध्ये म्हणालात, "अदिती, देअर वॉज अ बोट."

मला वाटलं, झालं, आता इंग्लंडपासून सुरुवात. जेवताना बोललात की ठसका लागायचा, डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. माझं सगळं लक्ष त्या ठसक्यात. मी म्हटलं, "काका, बोट कुठे पळून जात नाही. भात गार होतोय."

अदिती हसली. तुम्ही पण हसलात. चमचा उचललात. मग तिची टॅक्सी आली, आणि बुधवारी तुम्ही गेलात.

बोट पळून गेली, काका.

काल अदिती तुमचे कपडे आवरायला आली होती. शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये तुमच्यासाठी सगळे जमणार आहेत, तिला बोलायचंय. कागद घेऊन या टेबलापाशी बसली. कागद कोरा. म्हणाली, "मावशी, आय हॅव नथिंग. ही वर्क्ड, ही फिक्स्ड रेडिओज, ही वॉज क्वाएट. एवढंच. तू चार वर्षं होतीस. मला माहीत नाही असं एक काहीतरी सांग ना."

मी देवघराकडे बघितलं. मग म्हटलं, गणपतीबाप्पा, जे काय पाप असेल ते माझ्या नावावर घाला. आणि सांगितलं.

आधी तिला चेष्टा वाटली. "बाबा? आपले बाबा? मावशी, ही वूडन्ट इव्हन क्रॉस ऑन रेड." मग लोणच्याच्या बाटलीपाशी हसली, अगदी तुमच्यासारखी, खोकला येईपर्यंत. फॉर्मचं सांगितलं तर म्हणाली, "दॅट्स इट? एका चेकबॉक्ससाठी?" आणि दिव्यांचं सांगितलं तेव्हा तिने तो कोरा कागद बाजूला सारला. म्हणाली, "म्हणजे त्यांना माहीत होतं. त्याच दिवशी. ही न्यू."

"तीनदा दिवे मारले," मी म्हटलं. "मग रेडिओवर बोलले. मराठीत."

"काय बोलले?"

काका, मला माहीत नाही.

चार वर्षांत पाच-सहा वेळा तुम्ही त्या वाक्यापाशी आलात, आणि प्रत्येक वेळी मी मध्ये पडले. एकदा कुकरची शिट्टी झाली. एकदा म्हटलं, काका, रक्तदाबाची गोळी. एकदा तर मी नुसतीच उठले, कंटाळा आला म्हणून. तुम्ही म्हणायचात, "राहू दे, उद्या सांगतो." मला वाटायचं, माणूस तेच तेच सांगतोय. तेच तेच नव्हतं. शेवट कधी झालाच नव्हता.

खोटं सांगायचा मोह झाला. 'माझी लेक आली', असं काहीतरी गोड ठोकून दिलं असतं तर तिने आयुष्यभर जपलं असतं. जिभेवर आलं होतं. पण मग ते माझं वाक्य झालं असतं, तुमचं नाही. आधीच एक ओहायो आहे तिच्याकडे, दुसरं कशाला देऊ?

म्हणून खरं सांगितलं. मी ऐकून घेतलं नाही, आणि त्या रविवारी तुझे बाबा तुला हेच सांगायला बसले होते, मीच थांबवलं.

ती म्हणाली, "यू स्टॉप्ड हिम." उठली, नळ सोडला, धुतलेलाच कप पुन्हा धुवायला लागली. पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, बोल, शिव्या दे, मी जाते हवं तर. ती पाठमोरीच म्हणाली, "मीपण टॅक्सी कुठे आली ते फोनवर बघत होते, मावशी."

मग आम्ही दोघींनी तुमचे सगळे खोके उपसले. वाटलं, एखादी कॅसेट ठेवली असेल. वायरी निघाल्या, रेडिओचे काचेचे गोळे निघाले, काकूंची वाणसामानाची यादी निघाली. कॅसेट नाही. कशी असणार? घरात पुरावा ठेवणारे तुम्ही नव्हे.

मला तुमचा रागही येतो, काका. मी तुम्हाला एका रविवारी गप्प बसवलं, ते मला मरेपर्यंत पुरेल. पण तुम्ही स्वतःला किती वर्षं गप्प बसवलंत? समुद्रात उभं राहून सगळ्या देशाला ऐकवलंत, आणि समोरच्या खुर्चीत बसलेल्या पोरीला नाही. कोण येणार होतं म्हाताऱ्याचे कागद काढून घ्यायला? आणि इस्त्रीचा शर्ट घालून बसलाच होतात, तर माझ्यावर ओरडायचं होतं. 'सुलभा, तोंड बंद ठेव' म्हणायचं होतं. मी ठेवलं असतं. कदाचित.

काल संध्याकाळी ती वर गेली, परत खाली आली, जिन्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "परत सांग. फ्रॉम द स्टार्ट." मी सांगितलं. आज सकाळी अजून चहा झाला नव्हता, तर पुन्हा. मनोरा कुठल्या रंगाचा होता विचारलं, मला माहीत नव्हतं. बोटीचं नाव विचारलं, तेही नाही. हॉलमध्ये सांगायचं की नाही ते तिने अजून ठरवलेलं नाही. मी त्यात पडणार नाही. गोष्ट तिची आहे.

तुम्हाला एवढंच कबूल करते. ती विचारेल तितक्या वेळा सांगेन, म्हातारी झाले तरी सांगेन, आणि माझ्या पदरचं एक अक्षर घालणार नाही. मला माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणेन. आणि त्या वाक्यापाशी आले की थांबेन, आणि तिला सांगेन, इथे तुझे बाबा बोलले. आपल्या भाषेत बोलले. तुझ्याबद्दल बोलले.

तुमचं कधी धड ऐकून न घेतलेली,
सुलभा