उंटावरची खूण

बुधवार, ६ मार्च

आज पुन्हा! क्रेनच्या केबिनमधून खाली पाहिलं आणि सगळी साइट गरकन फिरली. हुकाला सळ्यांचा भारा लटकत होता. डोळे मिटले, दांडा घट्ट धरला. गरगरणं थांबलं आपोआप. खाली मेहुणा उभा — बायकोचा सख्खा भाऊ, माझा सिग्नलवाला. त्याच्या हाताच्या खुणा बघून मी भार हलवतो, आणि तो भार जातो त्याच्या डोक्याजवळून! वर काय झालं, त्याला कळलंसुद्धा नाही.

सांगू कुणाला? सांगितलं की खाली उतरवतील, ते कायमचंच. दुसरं कोणतं काम येतं मला? झाकली मूठ सव्वा लाखाची.

शुक्रवार, ८ मार्च

बायकोने रविवारचं परस्पर ठरवून टाकलं. गावाबाहेर कुणीतरी शेतावर उंट ठेवलेत, माळावर फेरी मारून आणतात. मेहुणाही येणार. म्हटलं, उंट कशाला, झाडाखाली नुसते बसू की! तर म्हणते, "अहो, तुम्ही तर रोजच उंटावरून शेळ्या हाकता. तुम्हाला कसली भीती?" मेहुणा खो खो हसला. मीही हसलो.

शनिवार, ९ मार्च

उद्या उंटावर पुन्हा गरगरलं तर? पडलो तर पडलो — पण मेहुण्याच्या लक्षात आलं तर?

रविवार, १० मार्च

उंट उठताना आधी मागचे पाय उभे करतो, हे कुठे ठाऊक होतं! नाकावर आपटायचाच बाकी होतो. उंटवाला ओरडतोय, "मागे रेला, मागे!" पुढ्यात बसलेली लेक खिदळतेय. कुंपणापर्यंत ठीक गेलो. उंट वळला — आणि माळ फिरला. तोंडातून शब्द फुटेना. खोगिराचा दांडा सोडला, दोन्ही हात आडवे पसरून हलवले. आमची साइटवरची खूण — ताबडतोब थांबा!

बायकोला वाटलं, मी विमान करतोय. तिने फोटो काढला. उंटवालाही हसत पुढे चालला. मेहुणा मात्र हातातला चहा टाकून धावत आला, दोर धरला, उंट बसवायला लावला. आजवर खुणा करायचा तो, थांबायचो मी.

"भाऊजी, कधीपासून होतंय हे?" हळूच विचारलं त्याने.

"काय रे? गंमत केली!"

परतताना गाडीत खिडकीबाहेर बघत बसला. बायको म्हणाली, "याला काय झालं? उंटावर तर तुम्ही बसला होतात!" त्याच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

सोमवार, ११ मार्च

शिडीपाशी मेहुणा नव्हता. पलीकडच्या क्रेनवर बदली मागून घेतली म्हणे. कारण कुणालाच सांगितलं नाही. त्याच्या जागी नवा माणूस, गळ्यात कोरी शिट्टी. "चढा बिनधास्त," म्हणाला, "मी आहे ना खाली!"

चढलो नाही. साहेबांना सगळं सांगून टाकलं.